सोलापुरातले श्रीशैल

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. त्या अर्थात देव नाही, देऊळ नाही. आहे ते फक्त पलीकडे जाणे. पुढे अशा उतारांवर वस्ती झाली, घाट बांधले गेले, देवळे उभी राहिली आणि तीर्थ म्हणजे पवित्र स्थान हा अर्थ रूढ झाला. वाद तिथूनच सुरू होतो. पावित्र्य जागेच्या मातीपाण्यात असते की तिथे येणाऱ्या माणसात? माणसात असेल, तर ते घरबसल्या का मिळू नये?

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेवर एक मोठे प्रकरण आहे. यात्रेची थोरवी सांगताना तिथे दिलेले कारण अगदी व्यवहारी आहे. यज्ञाला राजाची तिजोरी लागते, सामग्री लागते, मनुष्यबळ लागते. तीर्थाला मात्र गरिबालाही जाता येते आणि फळ यज्ञाहून उणे नाही. लगेच अटही आहे: हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात त्यालाच ते फळ. स्कंदपुराणातला काशीखंड हा तर काशीचा महिमा गाणारा ग्रंथ. पण त्यातही सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह यांना मानसतीर्थे म्हटले आहे, आणि पाण्यात जन्मून पाण्यातच मरणाऱ्या जलचरांना काही स्वर्ग मिळत नाही, असेही सुनावले आहे. जागेविषयीचा संशय कोणा नास्तिकाने बाहेरून आणलेला नाही. तो माहात्म्यग्रंथांच्या पोटातच आहे.

सोलापूर जिल्ह्यात या प्रश्नाची एकमेकांशी न जुळणारी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. त्यांतले पहिले खुद्द शहराच्या मध्यावर, तलावाच्या पाण्यात उभे आहे.

बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. गावाचे तेव्हाचे नाव सोन्नलगी. कथा अशी की शेत राखणाऱ्या लहानग्या सिद्धरामाला एक जंगम भेटला. आपण श्रीशैलाचा मल्लय्या, असे त्याने सांगितले आणि खायला मागितले. मुलगा घरी धावला, अन्न घेऊन परत आला, तोवर पाहुणा नाहीसा झालेला. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत तो यात्रेकरूंच्या पाठोपाठ श्रीशैलापर्यंत गेला. देवळात लिंग दिसले, पण शेतात भेटलेला माणूस दिसेना. तेव्हा त्याने कड्यावरून उडी घ्यायचे ठरवले. मल्लिकार्जुनाने त्याला अडवले आणि सांगितले: परत जा, सोन्नलगीलाच श्रीशैल कर.

हा आदेश नीट पाहण्यासारखा आहे. देव भक्ताला आपल्या क्षेत्री ठेवून घेत नाही, उलट वाटेला लावतो. सिद्धरामांनी गावी परतून मल्लिकार्जुनाचे देऊळ उभारले, पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापली आणि मोठा तलाव खोदवला. कमी पावसाच्या मुलखात तलाव ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. प्रतिष्ठित क्षेत्राचे नाव घेऊन स्थानिक देवस्थान मोठे करण्याची रीत भारतभर आढळते. दक्षिण काशी म्हणवणारी गावे मोजायला बसले तर बोटे पुरणार नाहीत. सोन्नलगीचे वेगळेपण हे की इथे नुसते नाव उसने आणलेले नाही. हजारो हातांनी माती उपसली, तेव्हा ती भूमी तीर्थ झाली. पावित्र्य सापडत नाही, ते घडवावे लागते, असा या उत्तराचा अर्थ.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. सात उंच नंदीध्वज पांढरी बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांच्या आधाराने हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि 'हर्र बोला हर्र'च्या गजरात प्रदक्षिणा घालतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी स्वतःऐवजी आपला योगदंड पुढे केला, त्या कथेतला हा विवाह. तिसऱ्या दिवशी होम, मग शोभेचे दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी. होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची आणि खाण्याची दुकाने लागतात आणि बहुतेक सोलापूरकर सगळ्या सोहळ्याला मिळून गड्डाच म्हणतात. एकेकाळी गावाच्या शिवेवर असलेली लिंगे आता भरवस्तीत आली आहेत. मार्ग मात्र तोच धरला जातो. बाहेरगावच्या तीर्थाची यात्रा गावातच आणल्यावरही चालणे सुटले नाही. ते गावाभोवती वळवले गेले.

दुसरे उत्तर याच तलावाच्या काठी, पण रागाने दिले गेले. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात शिवशरण अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात तो प्रसंग आहे. तलावाचे काम चालू असते. दगडमातीत गुंतलेला हा योगी कसला, असे ते टोचून बोलतात. संतापलेले कामकरी त्यांच्यावर दगड भिरकावतात. अल्लमांचा मुद्दा सरळ आहे. देऊळ बांधणे, तळे खोदणे हे पुण्यकर्म असेल, पण त्यातून 'मी केले' हा भाव सुटत नाही. आणि तळहातावर धरायचे लिंग देहाबरोबर असताना स्थावर लिंगाभोवती फिरायचे कशाला? सिद्धराम पुढे कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले आणि तिथे चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगाची, म्हणजे देहाबरोबर बाळगायच्या त्या लिंगाची, दीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. शरणांच्या, म्हणजे अल्लमांच्या पंथातल्या शिवभक्तांच्या, विचारात जंगम, म्हणजे चालते-फिरते, स्थावरापेक्षा श्रेष्ठ. तरी पुढे घडले ते असे: स्थावराची मर्यादा मान्य केलेल्या सिद्धरामांची समाधी त्यांच्याच तलावातल्या देवळात आहे आणि लोक तिच्या दर्शनाला रांग लावतात. अल्लमांचा युक्तिवाद ग्रंथात जिंकला, गावात नाही.

तिसरे उत्तर पंढरपूरचे. इथली कथा यात्रेची दिशाच उलटी करते. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाला भेटायला देव आला, पुंडलिकाने त्याच्यापुढे वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. मुळात यात्रेकरू देव आहे, आणि तो ताटकळतो आहे. वारकरी त्याच्याकडे काही मागायला जात नाही. वारीत नवसाला फारसे स्थान नाही. वारी शब्दातच पुन्हा पुन्हा येणे आहे. एकदा जाऊन पाहून झाले, हा हिशेब तिथे लागू पडत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून येते; धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पुढे जाते. आषाढीला पोचलेल्या लाखोंपैकी कित्येकांना गाभाऱ्यात जायला मिळत नाही. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरी आणि कळसाचे दर्शन यावर ते परततात आणि वारी पोचली असे मानतात. देव पाहणे हेच फळ असते, तर त्यांचा इतक्या दिवसांचा खटाटोप वायाच गेला म्हणायचा.

याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी पंढरपूरला जात नसत. मळा हेच त्यांचे क्षेत्र. त्यामुळे इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, सावतोबांची येत नाही; उलट त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी पांडुरंगाची पालखी अरणला जाते. घरी बसून का मिळू नये, या प्रश्नाला वारकरी संप्रदायाने अपवाद म्हणून का होईना, होकार देऊन ठेवला आहे. अट एवढीच की बसलेल्याच्या हातात खुरपे हवे.

पण जागेच्या पावित्र्याची खरी कसोटी लागते ती कोणाला आत येऊ दिले जात नाही यावर. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून अस्पृश्य मानले गेलेले संत चोखामेळा गेले, ते 1338 साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला उंबऱ्याच्या आत मज्जाव होता, त्याच्या समाधीपुढे माथा टेकवून आत जाण्याची रीत पडली, आणि त्याच्या जातभाईंना मात्र पुढची सहाशे वर्षे बाहेरच ठेवले गेले. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. पावित्र्य दगडातच आहे, असे मानणाऱ्यांना स्पर्शाने ते बाटेल ही भीती वाटणारच. त्या समजुतीची किंमत सहा शतके दुसऱ्यांनी मोजली. वाटही या बाबतीत निष्कलंक नव्हती. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात, एकाच दिंडीत चालणारे लोक जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे नोंदवून ठेवले आहे.

यात्रा आणि सहल यांतला फरकही याच जिल्ह्यात दिसतो. दोन दिवसांत तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि पंढरपूर उरकणारी गाडी सोलापुरातून रोज सुटते. तिच्यातल्या माणसाची श्रद्धा खोटी म्हणायचे कारण नाही. पण तिथी त्याच्या रजेवर ठरते, वारकऱ्याची रजा तिथीवर. दि. बा. मोकाशी वारकरी नव्हते; ते लेखक म्हणून पालखीबरोबर चालले आणि 1964 साली त्यांचे 'पालखी' प्रसिद्ध झाले. पाहायला आलेल्या माणसाचे पायही त्याच वाटेवर दुखतात, एवढे त्या पुस्तकावरून कळते.

ही अडचण भारतापुरती नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वायोमिंग राज्य डोंगरदऱ्या आणि 1872 साली राखलेल्या यलोस्टोन उद्यानासाठी ओळखले जाते. त्याच राज्यात आठशे सदुसष्ट फूट उंचीचा उभ्या स्तंभांचा एक खडक आहे: नकाशावर डेव्हिल्स टॉवर, लकोटा या आदिवासी जमातीच्या भाषेत अस्वलाचे घर. 1906 साली तो देशातले पहिले राष्ट्रीय स्मारक ठरला. वीसहून अधिक आदिवासी जमाती त्याला पवित्र मानतात. भोवतालच्या झाडांना त्यांनी प्रार्थनेची फडकी बांधलेली असतात, खेड्यातल्या म्हसोबाच्या झाडाला बांधतात तशीच. गिर्यारोहकांना तोच खडक चढायला हवा असतो. 1995 पासून तिथे तोडगा असा आहे: जून हा त्यांच्या विधींचा महिना, तेवढ्यात चढू नका अशी विनंती करायची, बंदी घालायची नाही. बरेच जण ऐकतात, काही चढतात. सरकारने बंदी घातली तर एका धर्माची बाजू घेतल्यासारखे होईल, हा त्यामागचा पेच. भक्ताला खडक वंद्य वाटतो आणि चढणाऱ्याला आव्हान; पण त्या महिन्यात दोर गुंडाळून खाली थांबणारा गिर्यारोहक, त्या देवावर विश्वास नसतानाही, वनपर्वातली हातापायांची अट पाळतो.

सोलापूर जिल्ह्यातून भीमा वाहते. पंढरपूरला तिलाच चंद्रभागा म्हणतात. ती पुढे कृष्णेला मिळते आणि ते पाणी नल्लमलाच्या डोंगरांतून श्रीशैलाच्या पायथ्याशी पोचते. गुढीपाडव्याच्या सुमारास, ज्याला कानडी मुलखात उगादी म्हणतात, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातले भाविक त्याच दिशेने पायी निघतात. गावात मल्लिकार्जुन आहे, अडुसष्ट लिंगे आहेत, परत जा असा खुद्द देवाचा निरोपही आहे. तरी ते चैत्राच्या उन्हात श्रीशैलाला जातात.