तेज आणि तितिक्षा

एखाद्या शब्दाचे दहा पर्याय सांगता आले म्हणजे त्याचा अर्थ हाती आला, असे नव्हे. प्रत्येक पर्याय वस्तूची एकेक बाजू दाखवीत असतो. अमरकोशात अग्नीची तीसहून अधिक नावे एकत्र दिली आहेत. शुद्ध करतो म्हणून तो ‘पावक’, आहुती वाहून नेतो म्हणून ‘वह्नि’, जाळतो म्हणून ‘दहन’, आणि ज्याच्या आश्रयाने राहतो त्यालाच खातो म्हणून ‘आश्रयाश’. उपकारक आणि संहारक अशी दोन्ही रूपे एकाच नामावळीत शेजारी शेजारी बसली आहेत. मराठी बोलीही या बाबतीत दरिद्री नाही. विस्तव, निखारा, जाळ, धग, आच, वणवा हे शब्द एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. दुधाला आच देतात, धग सोसावी लागते, आणि हाडवैर असलेल्या दोघांतून विस्तव जात नाही.

‘तेज’ हा शब्द मात्र या पंक्तीत असूनही वेगळा राहतो. घराला आग लागते, तेज लागत नाही. चुलीत विस्तव घालतात, तेज घालीत नाहीत. तेज असते ते मुद्रेवर, डोळ्यांत, हिऱ्यात, वाणीत. आजाऱ्याची चर्या निस्तेज होते. व्यापारी भाव चढले की ‘तेजी आली’ म्हणतो. मुलाम्याचा कारागीर ज्याला ‘तेजाब’ म्हणतो तो शब्द फारसीतून आला असून त्याचा अर्थ तीक्ष्ण पाणी असा आहे. फारसी ‘तेज’ आणि संस्कृत ‘तेजस्’ हे मुळात एकाच कुळातले होत. कारण संस्कृतातही ‘तिज्’ या धातूचा मूळ अर्थ धार लावणे, तीक्ष्ण करणे हाच आहे.

या अर्थामुळेच व्यवहारात एक प्रश्न उभा राहतो. एखाद्याचा भरसभेत अपमान झाला आणि तो स्वस्थ राहिला, तर लोक म्हणतात, ‘याच्यात तेजच नाही.’ त्याने उलट फटकारले तर म्हणतात, ‘तेजस्वी पुरुष!’ म्हणजे जाळणे हेच तेजाचे लक्षण, अशी आपली समजूत असते. ती खरी आहे काय?

व्याकरणच येथे विचार करावयास लावते. ‘तिज्’ या धातूपासूनच पाणिनीच्या नियमाने ‘तितिक्षा’ हा शब्द सिद्ध होतो, आणि त्याचा अर्थ क्षमा, सहनशीलता असा होतो. धार आणि सहन ही दोन्ही एकाच मुळाची पाने आहेत. यावरून धर्मनिर्णय होत नाही हे खरे. शब्दाची व्युत्पत्ती हे आचाराचे प्रमाण नव्हे. परंतु या दोहोंत स्वाभाविक वैर आहे, हे गृहीत धरण्याचे कारण उरत नाही.

महाभारताच्या वनपर्वात हाच प्रश्न द्रौपदी उपस्थित करते. तिने बली व प्रल्हाद यांचा संवाद सांगितला आहे. क्षमा श्रेष्ठ की तेज, असे बली विचारतो. प्रल्हादाचे उत्तर असे की, सदैव तेजही हितकर नाही आणि सदैव क्षमाही हितकर नाही. ज्याने पूर्वी उपकार केला, ज्याच्याकडून अजाणता अपराध घडला, ज्याचा अपराध पहिलाच आहे, त्याला क्षमा करावी. जाणूनबुजून करून ‘अजाणता झाले’ म्हणणाऱ्याला करू नये. यावर युधिष्ठिर जे म्हणतो ते अधिक खोल आहे. ज्याला दूरदर्शी लोक तेजस्वी म्हणतात, त्याच्या अंतरात क्रोध नसतो, असे त्याचे मत आहे. क्रोधाला तेज समजणे ही अविवेकी जनांची भूल होय.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. हा उपदेश सोईस्कर होण्याचे भय मोठे आहे. मालकापुढे मान खाली घालून उभा असलेला गडी गप्प राहतो, सासरी गांजलेली सून गप्प राहते. त्यांचे गप्प राहणे ही तितिक्षा नव्हे. ज्याला उलट बोलण्याचे सामर्थ्य आहे आणि तरीही जो आवरतो, त्याचीच ती तितिक्षा. दुर्बळाला सहनशीलतेचे धडे देणे म्हणजे त्याचा तेजोवध करणे होय. हा शब्दही अर्थपूर्ण आहे. शल्याने सारथी होऊन कर्णाचा तेजोवध केला तो शस्त्राने नव्हे, शब्दांनी. तरी भाषेने त्याला ‘वध’च म्हटले. द्रौपदीचा प्रश्नही म्हणूनच युधिष्ठिराच्या उत्तराने पुरता मिटत नाही. तो क्रोधमुक्त असला, तरी तिचा झालेला अपमान उरतोच.

मग निकष कोणता? वैशेषिकांनी तेजाचे जे भेद केले आहेत, ते येथे उपयोगी पडतात. अग्नीचे रूपही प्रकट असते व उष्ण स्पर्शही. तापलेल्या पाण्यात स्पर्श प्रकट, रूप अप्रकट. दिव्याच्या प्रभेत रूप प्रकट, स्पर्श अप्रकट. मनुष्यस्वभावाचे हेच प्रकार दिसतात. मनात डूख धरणारा तापलेल्या पाण्यासारखा असतो; दिसत काही नाही, हात घालणारा मात्र भाजतो. आगपाखड करणारा दिसतोही आणि जाळतोही, आणि शेवटी आश्रयाश अग्नीप्रमाणे प्रथम स्वतःचेच अंतःकरण खातो. दिव्याची प्रभा वस्तू आहे तशी दाखविते, परंतु तिला जाळीत नाही.

अन्यायाच्या वेळी गप्प बसणे म्हणजे दिवा झाकणे आणि पेटून उठणे म्हणजे घर पेटविणे. यांखेरीज तिसरा मार्ग आहे. अपराध्याला त्याचा अपराध स्पष्ट शब्दांत दाखवावा, गांजलेल्याच्या बाजूने उभे राहावे, अवश्य तेथे दंडही व्हावा. पण हे करीत असता मनात दाह नसावा. आपल्या शब्दाने समोरच्याला दोष दिसला की नुसता चटका बसला, एवढे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. दोष दिसला असेल तर ते तेज. नुसताच चटका बसला असेल तर ती केवळ आग. इत्यलम्.