रतीब आणि खाडा

सबस्क्रिप्शनला आपल्याकडे जुना शब्द आहे: रतीब. दुधाचा रतीब लावला की रोज पिशवी दारात. गावाला गेलो की कॅलेंडरवर खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा करूनच हिशोब व्हायचा, आणि 'उद्यापासून नको' एवढं म्हटलं की रतीब बंद.

ॲपवरच्या मेंबरशिपमध्ये खाडा नसतो. किती ग्राहक सोडून गेले, या आकड्यावर तिथल्या प्रॉडक्ट मॅनेजरचं काम जोखलं जातं. पण खुशीने राहिलेला ग्राहक आणि मेंबरशिप घेतल्याचंच विसरलेला ग्राहक, यांतला फरक त्या आकड्यात दिसत नाही. उलट विसरलेला जास्त फायद्याचा. पैसे देतो, मागत काहीच नाही.

मग विसरणं म्हणजे संमती का?

नियमांनी अर्धं उत्तर दिलंय. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास कळवायला हवं, असं रिझर्व्ह बँक सांगते. केंद्राच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत १३ डार्क पॅटर्न दिलेत. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यातलाच एक.

पण सापळा न लावणं वेगळं आणि विसरलेल्याला आठवण करून देणं वेगळं. २०२० मध्ये नेटफ्लिक्सने, सदस्य झाल्यापासून वर्षभर काहीच न पाहिलेल्यांना विचारलं: चालू ठेवायचंय का? उत्तर नाही आलं, तर सदस्यत्व बंद. इथे मौनाचा अर्थ नकार धरला गेला.

'ग्राहक सज्ञान आहे, त्याने लक्ष ठेवावं' हे म्हणणं खोटं नाही. पण तो विसरलाय हे त्याच्याआधी आपल्या स्क्रीनवर दिसत असेल, तर खाडा लिहायची जबाबदारी कोणाची?