संकेत कोणाचा?

शब्द आणि अर्थ यांचे नाते मुळातलेच असते की ठरवून जोडलेले, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. मीमांसक ते नित्य मानतात, नैयायिक संकेताने जुळलेले. देवदत्तासारखी व्यक्तिनामे माणसानेच ठेवलेली असतात, हे मात्र मीमांसकांनाही मान्य आहे. इंटरनेटवरचा आयपी पत्ता याच जातीचा आहे. त्यामुळे त्याच्याबाबत खरा प्रश्न उरतो तो संकेत ठरवण्याच्या अधिकाराचा, आणि घरच्या राउटरमधल्या ‘नॅट’मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या अदलाबदलीत, तो उघड दिसतो.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. एकूण पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ साली नॅटची योजना मांडली गेली. घरातल्या फोनला १९२.१६८.१.५ असा खाजगी पत्ता मिळतो. तोच पत्ता त्याच क्षणी असंख्य घरांत दुसऱ्याच कशाचा तरी असतो. संदेश बाहेर पडताना राउटर त्यावर आपला सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट क्रमांक घालतो, ही जोडी कोष्टकात नोंदवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते फोनकडे वळवतो. संभाषण थांबल्यावर काही वेळाने नोंद पुसली जाते. फोन तोच राहतो, बाहेरच्या जगातले त्याचे नाव तेवढे सरते.

प्राचीन नैयायिकांनी शब्दाची अर्थ सांगण्याची शक्ती ईश्वराच्या इच्छेत मानली. नव्यांच्या मते कोणाचीही इच्छा पुरे. राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करणारा गृहस्थ नव्यांच्या पक्षाचा असतो: अमुक पोर्टवर येणारे सारे घरच्या कॅमेऱ्याकडे जावे, हा त्याचा संकेत. तो टिकवण्यासाठी कॅमेऱ्याचा आतला पत्ताही राखून ठेवावा लागतो. नाहीतर उद्या तो पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळतो आणि संकेत भलत्याच दारी नेतो.

तरी नुसती इच्छा नेहमी पुरत नाही. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा सेवादात्याकडे आणखी एक नॅट असते आणि एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. ते कोष्टक गृहस्थाच्या हाती नसते, म्हणून त्याने केलेले फॉरवर्डिंग निष्फळ ठरते. अशा वेळी सेवादात्याकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, किंवा १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीकडे वळावे लागते. तिथे प्रत्येक उपकरणाला आपला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. पण त्याचा आरंभीचा भाग सेवादाताच ठरवतो.