सेवेवर नाव कोणाचे?

चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीला गेलेल्या कार्यकर्त्यासमोर एक प्रश्न येऊ शकतो. तिथे चर्चच्या गटाने आधीच अन्नछत्र सुरू केले असेल, तर त्यांच्यासोबत भाजी चिरायला बसावे, की आपला वेगळा मांडव घालावा?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा वेळी भुकेलेला माणूस भात मागतो, वाढणाऱ्याचा पंथ विचारत नाही.

रायपूरच्या बूढापारा भागात १८७७ पासून सुमारे दोन वर्षे राहिलेल्या नरेंद्राची शाळा म्हणजे वडिलांच्या घरी रंगणाऱ्या चर्चा. हाच नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला. १८९८ मध्ये कोलकात्यात प्लेग आला, तेव्हा मदतीसाठी मठाची जमीन विकायलाही स्वामीजी तयार होते. पुढच्याच वर्षी भगिनी निवेदिता गल्ली झाडायला उतरल्या. त्या एका आयरिश ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या कन्या होत्या.

शंका येते, ‘मदतीच्या आडून कोणी धर्मांतर साधले तर?’ घासाच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा सौदाच. तो कोणीही केला तरी नाकारावा. पण हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. घासाच्या बदल्यात छायाचित्र, जयघोष किंवा कृतज्ञता मागणे हाही सौदाच.

समोरच्यात शिव पाहणाऱ्याला नैवेद्यावर आपले नाव कशाला हवे? म्हणून आधी पातेल्याला हात लावू या. फलकाचे नंतर पाहू.