बदला कोणाला परवडतो?

मागच्या रविवारी रोह्याच्या विहारात पोरं जमली होती. विषय होता संघटनेचा, पण बोलणं घसरलं ‘बदलापूर’वर. २०१५ चा पिक्चर, श्रीराम राघवनचा. पेणवरून आलेला एक पोरगा, ज्याच्या भावाला जयंतीच्या मिरवणुकीवरून गावात मारलं, तो म्हणाला, "दादा, रघूनं केलं तेच बरोबर. केस करून काय मिळतं? तारीख." कुणी हसलं नाही. मलाही तिथं उत्तर सुचलं नाही. म्हणून हे लिहितोय.

गोष्ट साधी आहे. बँक लुटून पळताना दोन चोरांच्या हातून रघूची बायको आणि पोरगा मरतात. एक चोर, लायक, सापडतो. वीस वर्षं सजा. साथीदाराचं नाव सांगत नाही. रघू बदलापुरात जाऊन राहतो, पंधरा वर्षं वाट बघतो आणि मग त्या साथीदाराला नि त्याच्या बायकोला हातोड्यानं मारतो. कॅन्सर झालेला लायक शेवटी तो खून आपल्या अंगावर घेतो.

पिक्चरची ताकद कबूल केली पाहिजे. बच्चनच्या काळापासून आपण बदल्याला टाळ्या वाजवत आलो. इथं टाळी वाजवायला जागाच ठेवलेली नाही. त्या बाईनं, कांचननं, रघूचं काय केलं होतं? काही नाही. मार खाल्लेला माणूस डोळ्यांदेखत जनावर होतो आणि नवाजुद्दीनचा चोर हळूहळू माणूस होत जातो. हिंदी पिक्चरवाल्यांत एवढी हिंमत कमीच.

पण खोट आहे ती दुसरीकडे. रघू एकटा आहे. त्याच्या बदल्याची किंमत त्याची वस्ती भरत नाही. त्याच्यावर गावकीचा बहिष्कार नाही, पाणी तोडलेलं नाही. आपल्या एका पोरानं हात उचलला तर रात्री सगळ्या वस्तीवर लोक चालून येतात. हे या पिक्चरच्या गावीही नाही.

आता खैरलांजी बघा. सुरेखाबाई आणि प्रियंकानं काय केलं होतं? सिद्धार्थ गजभियेंना मारहाण झाली, त्याची साक्ष दिली. बस्स. आरोपी जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबर २००६ च्या त्याच संध्याकाळी भोतमांग्यांच्या घरावर आले. मायलेकी आणि दोन मुलगे, चौघांना मारलं. तो बदलाच होता, दोस्तांनो! साक्षीचा बदला. म्हणजे आपल्याकडे बदला घेतो तो जमीनवाला, नि आपल्या हातात असते ती साक्ष. पिक्चरमध्ये शेवटची जबानी खोटी असते आणि तिनं खुनी सुटतो. खैरलांजीत जबानी खरी होती, तिनं घर संपलं.

भैयालाल भोतमांगे वाचले. रघूसारखेच, बायकापोरांशिवाय. त्यांनी हातोडा नाही उचलला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, २०१० ला नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या सजेवर आणली. ॲट्रॉसिटीचं कलम लागलंच नाही. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल गेले. हे लिहिताना माझा हात थांबतो, कारण पेणचा पोरगा हेच तर म्हणत होता.

तरी रोह्याहून महाड किती लांब आहे? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर आपल्या लोकांची डोकी फोडली. परिषदेला आलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले गडी होते. बाबासाहेबांनी नुसती मान हलवली असती तरी महाड पेटलं असतं. त्यांनी हात उचलू दिला नाही. दावा चालवला, हायकोर्टाचा निकाल १९३७ ला लागला. दहा वर्षं. वाट रघूनंही बघितली, पण त्यानं ती एका हातोड्यासाठी बघितली. महाडच्या माणसांनी त्या दहा वर्षांत चळवळ उभी केली.

हे त्या पोराला पटेल की नाही, ठाऊक नाही. त्याच्या भावाच्या केसमधले दोन साक्षीदार घाबरून मागं हटलेत. येत्या रविवारी पिक्चर बाजूला ठेवू आणि त्या दोघांच्या घरी कोण कोण जाणार ते आधी ठरवू.