आजचं चिंतन : सत्यकाम

मुलाचं बारसं आठ दिवसांवर आलंय. नावांच्या ॲपवर आरव, विहानची गर्दी; मला मात्र छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम भावला. नाव आज क्वचितच ऐकू येतं. अर्थ, सत्याची ओढ असलेला.

गुरूंनी गोत्र विचारलं, तेव्हा आई जबालेने सांगितलं तेच तो न लाजता बोलला: गोत्र माहीत नाही, मी सत्यकाम जाबाल. हारिद्रुमत गौतमांनी त्या खरेपणावरच त्याला शिष्य केलं. पुढे तो स्वतः आचार्य झाला.

आणि मी? काल माझ्या कोडमधली चूक सर्व्हरवर ढकलून मोकळा झालो. आत्या बाळाच्या कानात हे नाव सांगेल, त्याआधी टीमसमोर ती कबूल करायचीय. नाहीतर हाक मारताना जीभ अडखळेल.

हरि ॐ.