वहिवाट

2023 साली सुरू झालेल्या मेट्रोच्या बेलपाडा स्थानकातून संध्याकाळी घरी परतताना, रहदारीच्या गोंगाटातूनही सिमेंटवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज कानी आला की माझी पावले आपोआप एका कुंपणाशी रेंगाळतात. परवा तेथे दहा-बारा वर्षांचा एक पोरगा बास्केटपासून इतक्या दूर उभा राहून चेंडू फेकीत होता की, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, तरुणपणी कबड्डीची मैदाने गाजविलेल्या गावठाणातील एका वृद्ध गृहस्थांना राहवेना. "अरे, आत घूस की!" ते ओरडले. पोराने मागे वळूनही न पाहता उत्तर दिले, "आजोबा, इथून टाकला की तीन मिळतात. आत जाऊन दोनच."

हा हिशेब त्याला कोणी शिकविला, हा प्रश्न घरी पोहोचेपर्यंत मनात घोळत राहिला.

आपल्या महसुली व्यवहारात 'वहिवाट' असा एक अर्थगर्भ शब्द आहे. दुसऱ्याच्या बांधावरून माणसे वर्षानुवर्षे चालत राहिली म्हणजे ती वाट नकाशात नसली तरी हक्काची होते, आणि कोणी काटे टाकून ती अडविलीच तर मामलेदाराकडे दाद मागता येते. खेळ बदलून टाकणारे खेळाडू म्हणजे अशी वाट प्रथम तुडविणारी माणसे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने पीच फळांच्या दोन टोपल्या 10 फूट उंचीवर ठोकून बास्केटबॉलचा डाव मांडला, तेव्हा त्याच्या 13 कलमांत चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती. चेंडू जेथे हाती येईल तेथूनच तो फेकावा, असा दंडक होता. परंतु भोवती प्रतिपक्षाचा गराडा पडला आणि सहकारी दृष्टीस पडेना, तेव्हा अडचणीत सापडलेल्या खेळाडूंनी चेंडू मुद्दाम जमिनीवर टाकून, पुढे होऊन, तो पुन्हा हस्तगत करण्याची युक्ती काढली. धावणे तर घडले. पण ते चेंडू 'घेऊन' धावणे नव्हते! कलमाच्या अक्षरांमधील याच फटीतून ड्रिबल जन्मास आले. 1927 साली नियमसमितीने ते एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचा ठराव केला, तेव्हा प्रशिक्षकांनी एवढी ओरड केली की तो मागे घ्यावा लागला. जी प्रारंभी पळवाट होती, ती छत्तीस वर्षांत वहिवाट झाली होती.

प्रत्येक वाटेला मात्र अशी दाद मिळत नाही. 6 फूट 10 इंच उंचीचा जॉर्ज मायकन बास्केटखाली ठाण मांडू लागला, तेव्हा अमेरिकेतील व्यावसायिक साखळी एनबीएने 1951 साली तेथील निषिद्ध पट्टा 6 फुटांवरून 12 फूट रुंद करून त्याला दूर हटविले. त्यापूर्वी 22 नोव्हेंबर 1950 रोजी, मायकनच्या हाती चेंडू पडूच नये म्हणून, फोर्ट वेनच्या संघाने तो आपल्याकडेच रेंगाळत ठेवून 19-18 असा विजय मिळविला होता; या रटाळ शहाणपणावर अखेर 1954 साली 24 सेकंदांच्या आत फेक करणे भाग पाडणाऱ्या घड्याळाची तजवीज झाली. आमच्या कबड्डीचेही दुखणे हेच. आघाडीवरच्या संघाचा गडी निदान रेषा ओलांडून, कोणास न शिवता, दम राखून परत येतो आणि वेळ खातो; म्हणून प्रो कबड्डीत दोन निष्फळ चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळवावा, नाहीतर बाद व्हावे, असा नियम आला. काही न करणे हाच गुन्हा ठरला की धाडसाला भाव येतो. साखळीच्या हातांखालून वाकून मध्यरेषेकडे झेपावणारी प्रदीप नरवालची डुबकी अशा सक्तीच्या चढाईत किती मोलाची होती, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नाही.

क्वचित सनद आधी मिळते आणि वहिवाट मागाहून सुरू होते. एनबीएने 1979 साली तीन गुणांची कमान आखली. पण संघांनी कितीतरी वर्षे ती जमीन जवळजवळ पडीकच ठेवली. वस्तुतः हिशेब सोपा होता: दुरून तीन फेकींत एक साधली, तरी ती जवळून दोहोंत एक साधण्याइतकीच फलदायी. स्टीफन करीने 2015-16 च्या हंगामात अशा 402 फेकी साधल्या. आधीचा 286 चा उच्चांकही त्याचाच होता. त्यानंतर ती जमीन कसण्यास जो तो धावला. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे होते.

आणि एक तिसरा प्रकार आपल्या मुंबईतच आढळतो. नागपाड्याच्या अब्बास मुंतासिर यांनी भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधारपद भूषविले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळविला. त्यांच्यामुळे नियमांचे एकही कलम बदलले नाही. पण ज्या मोहल्ल्यात असा गडी रोज डोळ्यांसमोर खेळतो, तेथील पोरांच्या मनगटांत त्याची लकब उतरल्यावाचून राहत नाही. तिची दप्तरी नोंद कोठेही होत नाही.

काल पुन्हा कुंपणाशी थांबलो, तो आजोबा आधीच हजर होते. एक उंच मुलगा हात पसरून त्या पोरासमोर उभा होता. दुरून फेकण्याची सोयच उरली नव्हती. पोराने क्षणभर पाहिले, चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि वाकून त्या पसरलेल्या हाताखालून तो आत निसटला.

"डुबकी मारली पठ्ठ्याने!" आजोबांनी टाळी पिटली.

"दोनच मिळाले, आजोबा," पोरगा म्हणाला; पण हसत होता.